हसनचाचांची रांग

हसनचाचांनी एखाद्या पोराला नावं ठेवली की तो त्यांना आवडला, असं आम्ही खुशाल समजायचो. "हा? हा काय खेळणार! याच्या पायात जीव नाय," असं ते म्हणाले की दुकानातले सगळे एकमेकांकडे बघून हसायचे आणि त्या पोराचा खेळ नीट बघायला लागायचे. तोंडाने कौतुक केलं की नजर लागते, ही चाचांची पक्की समजूत होती. उमेदीची वर्षं कुवेतला घालवून, मधुमेह घेऊन परतलेला हा माणूस विजेच्या चालू लाइनवर काम करताना कधी कचरला नाही. नजरेला मात्र भयंकर घाबरायचा.

रोह्याच्या बाजारपेठेत त्यांचं मोटारी वाइंड करून देण्याचं दुकान होतं. मी ज्या मेडिकलमध्ये काम करते ते त्याला लागूनच. आमच्याकडे शांतता आणि त्यांच्याकडे बारा महिने भांडण. धाटावच्या कंपन्यांतली शिफ्ट सुटली की कबड्डीवाले तिथे जमायचे. लीगमधल्या आमच्या संघाने नवी तरुण पोरं घेतली रे घेतली की यांचे वाद सुरू. कोण पुढे जाणार, कोण वर्षभर बाकावर बसणार, कोण गप घरी येणार! ज्यांना स्वतःच्या मुलाची इयत्ता धड सांगता येत नसे, त्यांना हरयाणाच्या कुठल्या तरी पोराचं वजन तोंडपाठ असायचं.

या वादाची सोय चाचांनी काउंटरवर करून ठेवली होती. पंख्यांचे जळालेले कंडेन्सर, प्रत्येकावर एकेका पोराचं नाव, आणि त्यांची एक रांग. रस्त्याकडचा पहिला, भिंतीकडचा शेवटचा. कुणीही यावं, कुणालाही पुढेमागे करावं, फक्त का ते सांगावं. चाचांची पाळी आली की त्यांचा लाडका पोरगा थेट भिंतीला! हळूहळू सगळ्यांना हे कळलं आणि मंडळी चाचांची रांग उलटी वाचायला लागली.

मग एका वर्षी त्या रांगेत माझा धाकटा भाऊ आला.

रोहन आमच्या गावच्या मातीत खेळून तयार झालेला. माझ्याकडे रोह्याला आला की चाचांच्या दुकानातच बसायचा. आमचं गाव पेणकडे, धरमतरच्या खाडीजवळ. संघाच्या युवा तुकडीत त्याची निवड झाली तेव्हा आईने सगळ्या आळीला साखर वाटली. मला आनंद झाला नाही असं नाही, पण त्याच्या आधी भीती वाटली. आमच्या शेजारच्या गावातला एक पोरगा कबड्डीच्याच एका सामन्यात मानेवर पडला होता. तो अजून खाटेवर आहे, त्याची आई त्याला भरवते. आणि आमचा रोहन लहानपणापासून डोकं खाली घालून बचावात घुसणारा. त्याची चढाई मी कधी धड बघितलेली नाही. डोळ्यांवर हात घेऊन बोटांच्या फटीतून बघायची.

रोहनच्या नावाचा कंडेन्सर हातात घेऊन चाचा बराच वेळ उभे राहिले. पहिला ठेवावा तर नजर लागणार. शेवटी ठेवावा तर त्याचा अर्थ आता सगळ्यांनाच ठाऊक. अखेर त्यांनी तो बरोबर मधोमध ठेवला.

"चाचा, हे काय? आपला पोरगा हाय, पयला ठेवा!" बंड्या ओरडला. हा बंड्या कंपनीत ऑपरेटर आणि दुकानातला सगळ्यात मोठा आवाज.

"तू गप. तुझी शिफ्ट संभाळ," चाचा म्हणाले. मग मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "मधल्यावर कोणाचा डोळा जात नाय गो. राहू दे तिथंच."

मला तेव्हा त्यांचा फार आधार वाटला. माझ्याइतकंच घाबरणारं दुसरं कुणीतरी होतं.

हंगामाच्या मध्यावर मुख्य संघातला एक चढाईपटू आजारी पडला आणि रोहनला मॅटवर उतरवलं. चाचांच्या दुकानात भिंतीवर टीव्ही होता. मी मेडिकल सोडून तिकडे धावले. दोन चढायांत त्याने गुण आणले, बंड्याने टेबल बडवलं, चाचा मात्र "मेला, पाय बघ कसा टाकतो" म्हणत पुटपुटत राहिले. तिसऱ्या चढाईत चौघांनी त्याला धरलं आणि सगळे त्याच्या अंगावर पडले. ते एकेक करून उठले. रोहन उठला नाही. आणि टीव्हीवर जाहिरात लागली.

बनियनची जाहिरात होती. एक नट बनियन घालून नाचत होता आणि मला माझा भाऊ जिवंत आहे की नाही हे ठाऊक नव्हतं. शेजारच्या गावातली ती खाट डोळ्यांपुढे आली. तेवढ्यात बंड्याने सवयीने हात पुढे करून रोहनचा कंडेन्सर रांगेतून बाजूला सरकवला. "आता तो हरयाणाचा येल आत," तो म्हणाला. मनात काही वाईट नव्हतं त्याच्या, हाताची सवय.

चाचांनी तो कंडेन्सर उचलून मुठीत घट्ट धरला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि ओठ हलत होते. जाहिरात संपली, रोहनला स्ट्रेचरवरून नेताना दाखवलं. त्याने हात हलवला तेव्हा मी मोठ्याने रडले.

मान वाचली होती. गुडघ्यातलं लिगामेंट गेलं होतं. ऑपरेशन झालं, रोहन गावी आला, आधी कुबड्या, मग काठी, मग नुसतं लंगडणं. संघाने जागा ठेवली होती. तयारी झाली की ये, असं सांगितलं होतं. पण पोरगा आतून खचला होता. चाचणीत नापास झालो तर काय, पुन्हा पडलो तर काय! धाटावला हेल्परची नोकरी मिळत होती. "चाचांना विचारतो," तो मला फोनवर म्हणाला. "ते सांगतील तसा करीन."

मी त्याच्या आधी चाचांकडे गेले. "चाचा, नको म्हणा त्याला. तुमचं ऐकेल तो. मला आता बघवत नाही."

"व्हय गो," चाचा म्हणाले. "माझी पण छाती नाय आता. सांगतो मी. बस म्हणतो घरी."

रोहन आला. दुकानात नेहमीची मंडळी होती, मीही होते. तो काउंटरला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "चाचा, नजर-बिजर सोडा. मी खरा कितवा हाय?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. खिशात हात घातला. रोहनच्या नावाचा कंडेन्सर इतके महिने त्यांच्या खिशातच होता. तो काढून त्यांनी रांगेच्या पार पुढे, रस्त्याकडे ठेवला.

"पयला," ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी आजवर बघितली त्या सगळ्या पोरांत पयला हायस तू."

चाचांच्या तोंडून असलं कुणी कधी ऐकलं नव्हतं. रोहन खाली मान घालून रडायला लागला आणि चाचा मटकन स्टुलावर बसले.

मी भडकले. दोन-तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग तेच दुपारी मेडिकलच्या पायरीवर येऊन उभे राहिले. "माफ कर गो. तुला शब्द दिला होता. पण त्यानं विचारला तेव्हा खोटा तोंडातून निघेचना." पुढे म्हणाले, "तेव्हापासून झोप नाय मला. जेवन जात नाय."

रोहन परत गेला. त्याची तयारी चालू असतानाच चाचांचं हृदय बंद पडलं. रोहन शिबिरातून आला, जनाज्याला खांदा दिला आणि त्याच संध्याकाळी परत गेला. दुकान आता त्यांचे जावई चालवतात. वाद तसाच चालतो, मी भिंतीपलीकडून ऐकते. माझी भीती काही गेलेली नाही. चाचांचीही कुठे गेली होती? घाबरत घाबरतच ते खरं बोलले होते.

परवा रोहन पुन्हा मॅटवर उतरायचा होता. सकाळी त्याचा फोन आला. "ताई, बघशील ना?"

आमच्या घरात आजवर कुणी कुणाला चांगलं म्हटलेलं नाही. जास्तीत जास्त "बरं झालं" म्हणतात. मी म्हणाले, "बघणार. आणि ऐक, तू त्या सगळ्यांत चांगला खेळतोस. मला पहिल्यापासून माहीत आहे."

तो म्हणाला, "ताई, बरी हायस ना?"

"बरी आहे," मी म्हणाले. फोन ठेवला आणि भीतीने काउंटरला धरून उभी राहिले. पण बोललेलं परत घ्यावंसं वाटलं नाही.