आयदायच्या बाळाचा आगाऊ निरोप

यंत्रावर चिडणारी माणसं जिपाराला मुळीच आवडायची नाहीत. "त्या बिचाऱ्याचा काय दोष? सांगितलं तेवढंच करतं ते. सांगणारा शोधा!" असं ती खुर्ची गर्रकन फिरवून ठणकावायची. काराकोल गावातल्या त्या खासगी प्रसूतिगृहात संगणकाचं सगळं लचांड तिच्याच गळ्यात होतं. त्यातलं एक काम मात्र तिला जीव की प्राण: आपोआप गेलेला निरोप कुठल्या नियमामुळे गेला, ते उलट्या पावलांनी शोधत जायचं. एका पंचाहत्तरीच्या आजोबांना तान्ह्या बाळाच्या लसीचा निरोप सारखा जायचा. जिपारा जेवणखाण विसरून त्यामागे लागली. आजोबांचा जन्म कुणीतरी याच वर्षातला टाकून ठेवलेला! ते सापडलं तेव्हा बाई इतकी खूश झाली, की घरून कणकेचे फुगीर बोर्सोक तळून आणले आणि मजलाभर वाटले. आता बोला!

त्या दिवशी दुपारी ती चहाची वाटी तोंडाला लावणार, तोच फाटकापाशी कल्ला उठला. बात्मा-आपा आल्या होत्या, आयदायच्या सासूबाई. सोबत दोन गाड्या भरून नातेवाईक, डिक्कीत शिजवलेलं मटण, सगळ्यांचे चेहरे फुललेले. त्यांच्या फोनवर निरोप आला होता: 'अभिनंदन! आयदाय आणि बाळ सुखरूप आहेत.'

आणि आयदाय वरच्या मजल्यावर अजून कळाच देत होती. सकाळपासून अडली होती बिचारी.

हे कळलं मात्र, बात्मा-आपा तिथंच पायरीवर बसल्या. लग्नाला इतकी वर्षं उलटल्यावर हे पहिलं बाळ. निरोप शेजारणीनं वाचून दाखवला, म्हणून आपांनी तिला अंगावरची चांगली शाल सुयुंचु म्हणून काढून दिली होती. आनंदाची बातमी आणणाऱ्याला रिकाम्या हातानं कोण पाठवतं? मेंढाही कापून झाला होता.

"बाळ यायच्या आधीच जेवणावळ घातली गं आम्ही!" आपा छाती पिटत म्हणाल्या. "आता पोरीला काही झालं तर?" आणि तेवढ्यात त्यांना जिन्यात रिस्कान दिसली. "हीच ती! हिनंच पाठवलं! सुयुंचु उकळायची घाई झाली असेल मेलीला!"

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. पूर्वी बातमी घेऊन फाटकापर्यंत पळत यायची ती नर्स रिस्कानच. तिच्या कपाटात शालींची चळत आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक. आपोआप निरोप जायला लागले आणि तिचं ते पळणं थांबलं. खापर फुटायला डोकं आयतंच मिळालं.

मोठे डॉक्टर ओमुर्बेक तर तापलेलेच होते. "रिस्कान, प्रसूतीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आणि उद्यापासून घरी बसा."

"मी संगणकाला हातसुद्धा लावलेला नाही," रिस्कान म्हणाली. पण बघत होती जमिनीकडे.

वरून आयदायची किंकाळी आली. "रिस्कान-एजे कुठंय? एजेला बोलवा!"

एजेचा, सगळ्यांच्या या थोरल्या ताईचा, हात पाठीवर असला, की आडदांड बायाही शांत होतात, हे जिपारानं किती वेळा पाहिलेलं. "डॉक्टर, जरा वेळ द्या मला. आत्ता शोधते."

"वेळ माझ्याकडे मागू नकोस. आयदायकडे आहे का, ते बघ," असं म्हणत ते वर धावले.

जिपारानं रिस्कानला दंडाला धरून आपल्या खोलीत आणलं, शेजारी बसवलं आणि बोटं चालवायला घेतली. निरोप कुणी हातानं लिहिला नव्हता. एका नियमानं गेला होता: बाळ झाल्याची नोंद पडली की घरी कळवायचं. ठीक. नोंद कुणी केली? कुणीच नाही! तीही दुसऱ्या नियमानं पडलेली. जिपारा खुर्चीच्या टोकावर आली. "अस्सं! आता सापडतोस बघ तू!" दुसरा नियम उघडला. प्रसूतीच्या खोलीत बाई असेल आणि नर्सच्या कार्डानं बाळांच्या उबदार खोलीचं दार उघडलं, तर बाळ झालं असं धरायचं. नर्सना टाइप करायला वेळ नसतो म्हणून हा नियम ओमुर्बेक डॉक्टरांनीच हट्टानं घालून घेतला होता.

आणि कार्ड होतं रिस्कानचं. जिपाराचा आनंद तिथंच विरला.

"एजे, तुम्हीच गेला होतात तिथं. बाळ नसताना? कशाला?"

रिस्कान पदराशी चाळा करावा तशी एप्रनची कड चुरगळत राहिली.

"अहो बोला ना! नोकरी चाललीय तुमची, ती पोरगी वर ओरडतेय आणि तुम्ही मुक्या!"

मग जिपारानं त्या कार्डाच्या दुपारच्या सगळ्या नोंदी काढल्या. चादरींचं कपाट. न्हाणीघर. कोठीची खोली. मोडक्या स्ट्रेचरची अडगळ, जिकडे वर्षानुवर्षं कुणी फिरकत नाही. बाळांची खोली. एकामागून एक सगळं उघडलेलं आणि काहीही परत लावलेलं नाही.

जिपारा ताडकन उठली. चहा सांडला.

"एजे! कुलपं उघडत होतात तुम्ही!"

जिपाराच्या बाळंतपणात तिच्या आईनं हेच केलं होतं. घरातल्या पेट्या सताड उघड्या, सगळ्या बायकांच्या वेण्या सोडलेल्या, अंगणातला घोडासुद्धा मोकळा. बाई अडली की आसपास काही बांधलेलं नको, बंद नको.

"डॉक्टर म्हणतात, असले बायकी चाळे माझ्या दवाखान्यात नकोत," रिस्कान रडवेली होऊन म्हणाली. "पण पोर अडली होती गं. मला राहवेना. म्हणून गुपचूप…"

"चला!" जिपारानं दुसरा नियम तिथल्या तिथं बंद केला आणि एजेला ओढतच जिना चढली.

डॉक्टर दारातच भेटले. जिपारानं एका दमात सगळं सांगितलं: दार, कार्ड, त्यांचाच नियम, कुलपं.

"सगळी कुलपं? औषधांचं कपाटसुद्धा?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते नाही! वेडी आहे का ती?"

"आणि तो नियम?"

"केव्हाच बंद केला! तिला आत सोडा आधी, डॉक्टर, मग काय ओरडायचं ते ओरडा!"

आतून आयदायनं पुन्हा हाक मारली. डॉक्टरांनी दार उघडून धरलं, आणि रिस्कान त्यांच्या हाताखालून आत गेली.

जिपारा खाली आली. बात्मा-आपांशेजारी पायरीवर बसून तिनं त्यांना सगळं समजावलं. आपा ऐकत गेल्या. कुलपांचं आलं तसं त्यांनी तोंडावर हात ठेवला. "आणि मी तिला मेली म्हटलं," एवढंच बोलल्या. मग दोघी वरच्या खिडकीकडे डोळे लावून बसल्या. मटण गार झालं, कुणाला शुद्ध नव्हती.

ऊन उतरायला लागलं आणि वरून रडणं ऐकू आलं. कसलं खणखणीत! जिपारा उडी मारून उठली, कुणाच्या तरी गळ्यात पडली, नंतर बघते तर तो आपांचा ड्रायव्हर.

रिस्कान दुपटं छातीशी धरून खाली आली. घामानं निथळत होती. आपांसमोर उभी राहिली, तर आपांना वर बघवेना.

"मुलगी आहे," रिस्कान म्हणाली. "आयदाय बरी आहे. दमलीय, झोपलीय."

"नाळ कुणी कापली?" आपांनी विचारलं.

"मी."

बात्मा-आपा गुडघ्यावर हात टेकून उठल्या. नातीकडे पाहायच्या आधी त्यांनी रिस्कानचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाचा मुका घेतला.

"म्हणजे किंदिक-एने तू तिची. नाळेची आई," आपा म्हणाल्या. "चल, गाडीत बस, घरी जेवायला. तू आता माझ्या घरातलं माणूस, बातमी सांगून फाटकावरूनच परत नाही जायचं."