हलता दिवाणखाना

"धरा जरा त्या बाजूनं," असं म्हणून काकू टेबलाला हात घालायच्या. मी संग्रहालयाचा व्यवस्थापक. माझ्या कामात टेबलं उचलणं बसत नव्हतं. पण काकूंना नाही म्हणायचं धाडस आणि धड कंबर, दोन्हींची माझ्याकडे टंचाई.

तुंगार्लीतला हा दगडी बंगला त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेला. नवरा गेल्यावर काकूंनी तो संग्रहालयासाठी एका न्यासाला देऊन टाकला आणि बेगडेवाडीला लेकीकडे राहायला गेल्या. गेल्या म्हणायचं एवढंच. रोज सकाळी गाडीनं परत हजर.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांचा चहा कधी बसून होत नाही. काकू कप हातात घेऊन फिरायच्या. कोच खिडकीपाशी, मग भिंतीला, मग तिरका. तोवर चहा गार आणि मी गरम.

"बाई, ठिवा की आता," दारावरचा रखवालदार कळवळायचा. "लोकं तिकीट काढून आल्यात."

"मग बघू दे की. फुकट कुठं दाखवतेय?"

पुढं न्यासानं ठरवलं, दिवाणखाना कायमचा लावून टाकायचा. त्यासाठी पुण्याहून एक तज्ज्ञ मुलगी आली.

"काकू, मूळ मांडणी कशी होती?"

"कधीची? सोमवारची की गुरुवारची?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. अडचणीच्या वेळी मी छताकडेच पाहतो.

शेवटी सासऱ्यांचा एक जुना फोटो सापडला. हातात काठी, मागं कोच, बाजूला टेबल. त्याप्रमाणे सगळं सामान लावून जमिनीत स्क्रूनं पक्कं केलं. फलक लागला, 'मालकांच्या काळी होता तसाच दिवाणखाना'.

काकूंनी तो वाचला आणि येरझाऱ्या घालायला लागल्या.

"भाऊ, मी इथं नांदले. तळ्यापर्यंत फिरून यायचं तरी सासऱ्यांना विचारावं लागायचं. टेबल हलवायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. ते सरकवलं की खोली नवी व्हायची, दोन दिवस बरे जायचे. या फोटोत मी कुठं आहे?"

"नाही आहात, काकू."

"मग होता तसाच कसा?"

हे मी न्यासाच्या बैठकीत मांडलं. इतक्या नम्रपणे मांडलं, की फलक आवडल्याबद्दल त्यांनी माझेच आभार मानले.

त्यानंतर काकू एकदाच आल्या. सामानापुढं बांधलेली दोरी ओलांडून त्यांनी कोचाला खांदा लावला. रखवालदारानं तोंड फिरवलं. मी न सांगता दुसऱ्या बाजूला गेलो आणि जोर लावला. कोच तसूभरही हलला नाही.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "उगाच कंबर धरेल तुमची."

थंडीत लेकीचा फोन आला. काकू गेल्या.

परवा एक कुटुंब आलं होतं. सगळे वर झुंबराकडे माना करून उभे. फक्त सून खाली वाकून बघत होती.

"अहो, या फरशीवर केवढे ओरखडे आहेत! इकडून तिकडं, तिकडून इकडं. कोण सरकवत होतं हो एवढं?"

"या घरच्या सूनबाई," मी म्हणालो. "वेळ असेल तर सांगतो."

"अगं चल, गाडी थांबलीय!" बाकीच्यांबरोबर एव्हाना बाहेर पडलेल्या तिच्या सासूबाईंची हाक आली.

"आले, आले," ती म्हणाली, आणि दोरीला टेकून तिथंच उभी राहिली.