तळ्यावर विचारलेलं कुलदैवत

मासे पकडायचा मला शौक नव्हता आणि थंडीचा तर मनस्वी राग होता. तरी नव्वदच्या दशकातल्या एका जानेवारीत मी सिएराच्या डोंगरातल्या त्या अवाढव्य तळ्यावर गेलो, तेही साठी उलटलेल्या वडिलांना घेऊन. कारण सरळ होतं. आमच्या मॅनेजरनं बोलावलं होतं आणि माझ्या ग्रीन कार्डाचा अर्ज त्याच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. सही झाली नाही तर व्हिसा संपला की बायको-मुलीसकट फ्रीमाँटचं घर आवरायचं आणि नागपूर गाठायचं.

मॅनेजर पुण्याचा. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, बोलायला मोकळा, हसरा. बोट घेतल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. उन्हाळ्यात काय कोणीही मासे पकडतं यार, खरी मजा विंटरला, असं ऑफिसभर सांगत फिरायचा. ज्याला तो बोटीवर नेतो तो त्याच्या घरचा, असा सगळ्यांचा समज होता. माझी पाळी यायला दोन वर्षं लागली. वडील इंडियातून आलेत हे कळल्यावर तो म्हणाला, "अरे मग काकांना पण आण की."

तिथंच माझी पंचाईत झाली. आमच्या आडनावावरून काही कळत नाही. विदर्भात ते चार-पाच जातींत सापडतं. त्याच्या आडोशाला मी दोन वर्षं सुखानं राहिलो होतो. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वडील तसे नव्हते. पोस्टमन म्हणून रिटायर झालेला माणूस, पण भेटेल त्याला ताठ मानेनं जय भीम करणारा. आदल्या संध्याकाळी मोटेलच्या खोलीत मी त्यांना म्हटलं, "बाबा, उद्या जरा सांभाळून बोला. माझा कागद त्याच्याकडे अडकलाय." मोजे काढता काढता त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाले. मला हायसं वाटलं. काय लायकीचा मुलगा होतो मी.

सकाळी काठावर बर्फ होतं, पण तळं इतकं खोल की ते कधी गोठत नाही. मॅनेजरनं बोट मुंगीच्या चालीनं सोडली. मागे लांब दोऱ्या सोडलेल्या, प्रत्येक दोरीला चकाकणारी पत्र्याची पट्टी, तिच्यामागे गळ आणि गळाला डब्यातल्या मक्याचा एक दाणा. हे ट्रोलिंग. खाली कोकॅनी फिरतात, म्हणजे समुद्राचं तोंड कधी न पाहिलेले छोटे सॅमन, आणि नशीब असेल तर एखादा ट्राउट. तासन् तास बसायचं, नाक गळत ठेवायचं आणि मजा येते आहे असं म्हणायचं.

"कोकॅनीचं तोंड एकदम सॉफ्ट असतं काका," मॅनेजर सांगत होता. "जर्क करायचं नाही. जर्क केलं की ओठ फाटतो आणि मासा गेला."

माझा रॉड वाकला तसा मी घाबरून हिसका दिलाच. दोरी सैल पडली. मॅनेजरनं कपाळावर हात मारला. वडील वैनगंगेच्या काठावर वाढलेले. त्यांचा रॉड थरथरला तेव्हा ते जागचे हललेसुद्धा नाहीत. हळूहळू, बोलता बोलता त्यांनी दोरी गुंडाळली आणि चांदीसारखा लखलखीत मासा जाळीत आणून टाकला. दुसराही तसाच. मग एक ट्राउट. मॅनेजर खूश. थर्मासातला चहा त्यांना स्वतःच्या हातानं ओतून दिला. त्या देशात आल्यापासून वडिलांना मी असं खुललेलं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जमलं सगळं.

आणि चहाचा घोट घेता घेता तो म्हणाला, "काका, तुमचं कुलदैवत कुठलं हो?"

हा प्रश्न मराठी माणूस का विचारतो, ते मराठी माणसाला सांगायला नको. जात विचारली तर आपण मागासलेले ठरतो. कुलदैवत विचारलं की आपुलकी होते. आम्ही बौद्ध, आम्हाला कुलदैवत नसतं, एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड त्यांनी उघडलंही होतं. त्यांच्याआधी मीच बोललो, "तुळजापूरची भवानी."

"अरे वा. मग दरवर्षी जाता की नाही, काका?"

वडिलांनी चहा खाली ठेवला. मी त्यांच्या बुटांकडे बघत बसलो. आता ते खरं बोलणार आणि माझ्या सहीचे तीनतेरा वाजणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बापाला काय वाटत असेल हा विचार शिवलासुद्धा नाही.

"जातो ना," ते म्हणाले. "नवरात्रात."

त्यानंतर त्यांचा रॉड पुन्हा वाकला, पण त्यांनी हात लावला नाही. शेवटी मॅनेजरनंच तो मासा ओढून घेतला.

परतीचा प्रवास चार तासांचा, गाडीत आम्ही दोघंच. बर्फाचा रस्ता संपला तसं समोर बघतच वडील म्हणाले, "दीक्षा घेतली त्या साली घरातले देव मी माह्या हातानं नदीत सोडले. माय रडत होती, तरी सोडले. आज तुह्यासाठी परत काढले." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कागद होईल ना पण?"

"होईल," मी म्हणालो.

सोमवारी झाला. मॅनेजरनं सही करून कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "अरे, तू कोण ते मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. नागपूरचा एक जण आहे ना आपल्याकडे. मला काही प्रॉब्लेम नाही हां. सही तर मी करणारच होतो. बोटीवर आपलं सहज विचारलं, म्हटलं बघू तरी काय सांगतोस. पण काका भारी आहेत यार. म्हणे नवरात्रात!" आणि तो खो खो हसला.

त्याच्या तोंडावर कागद फेकून यायला हवं होतं. मी थँक्यू म्हणालो. तो हसत होता म्हणून थोडं हसलोसुद्धा.

घरी जाऊन वडिलांना एवढंच सांगितलं की सही झाली. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मग ठीक आहे." पुढं ते सात वर्षं जगले. आपल्या त्या एका खोट्यानं पोराचं भलं झालं, हीच त्यांची शेवटपर्यंत समजूत होती. त्या खोट्याची कधी गरजच नव्हती, हे त्यांना सांगायची हिंमत मला झाली नाही.