भावाने लपवलेली शुगर

माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने मला फसवलं. माझ्या रक्ताचा रिपोर्ट त्याने लपवला आणि मला शुगर आहे हे तीन महिने मला कळू दिलं नाही.

मी हिंगण्यात जुनी लेथ मशीन घेऊन, दुरुस्त करून विकतो. बाप हातमागावर बसायचा. हा धंदा मी एकट्याने उभा केला. समोरच्याने भाव सांगितला की मी निम्म्यापासून सुरू करतो, आणि मशीन चालवून बघितल्याशिवाय हो म्हणत नाही. पण त्या दिवशी माल उतरत होता, म्हणून रिपोर्ट आणायला भावाला पाठवलं. फोनवर म्हणाला, "नॉर्मल हाय. बिनधास्त जेव." मी कागद मागितलाही नाही. सख्ख्या भावाकडे कोणी कागद मागतो का?

तेव्हा मुलीची सोयरीक जमत होती. साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, भावानेच आग्रह करून मला संत्रा बर्फी भरवली. एक नाही, दोन.

पुढे घरात व्हायरल शिरला. बायको आणि मुलगी पाच दिवसांत उठल्या. माझा ताप उतरेना, खोकला थांबेना, तहान तर भागतच नव्हती. दोन पायऱ्या चढून दम लागला तेव्हा धंतोलीतल्या दवाखान्यात भरती केलं, ऑक्सिजन लावला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शुगर किती वर्षांपासून आहे?"

"मले शुगर नाही!" मी मास्क वर करून ओरडलो. "तीन महिन्यांपूर्वीच तपासली."

"आज चारशेच्या वर आहे, आणि मागच्या तीन महिन्यांची सरासरीही वाढलेली आहे. अशा आजारात शुगर आणखी चढते, आणि चढलेली शुगर शरीराला आजाराशी लढू देत नाही. आधीच औषध सुरू असतं तर बहुतेक इथवर आलं नसतं."

पलंगाच्या पायथ्याशी उभा असलेला भाऊ खिडकीबाहेर बघत होता. मशीनमधला दोष झाकणारा माणूस नेमका असाच दुसरीकडे बघतो.

"भाऊ, रिपोर्टमध्ये काय होतं?"

"पोरीचं जमून राहिलं होतं गा. बापाले शुगर म्हटलं का लोकं पोरीत खोट काढते. अन् तुह्या तोंडात तीळ तरी भिजते का? लग्न झालं का सांगणारच होतो."

"अन् मी मेलो असतो तं?"

"असं काहून बोलून राहिला? मेला का?"

नऊ दिवसांनी घरी आलो. व्याही प्रताप नगरला आमच्या घरी भेटायला आले. माझं इन्सुलिन बघून त्यांनी खिशातून स्वतःच्या गोळ्यांची पट्टी काढली. "मले तं कधीचीच हाय. तुमी नाही म्हणान म्हणून आमीबी बोललो नाही." बायको पदर तोंडाला लावून हसली. मला हसू आलं नाही.

आता दोन महिने होत आले. शेडच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाताना मध्येच बसावं लागतं. गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना आवाज तुटतो आणि समोरचा ते ओळखून भाव पाडतो. भाऊ मात्र चौकात सांगतो, पोरीसाठी केलं. भाऊ, तिच्या नावावर घालू नका. तिलाही तुम्ही विचारलं नव्हतं.

भाऊ, घरी या आणि माझ्यासमोर बसून सांगा. माझ्या शरीरात काय चाललंय हे माझ्यापासूनच झाकायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? "झालं ते झालं" म्हणून सुटू देणार नाही. मला उत्तर पाहिजे.