खरखर घालवण्याचा उद्योग

आमच्या काकांना कान होते, पण ते टोपी अडकवण्यापुरतेच. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांनी फोनोग्राफ घेतला आणि ठाण्याच्या आमच्या घरात नादब्रह्म अवतरलं, असं स्वतःच जाहीर केलं.

यंत्राबरोबर मेणाच्या दोन नळ्या होत्या. एकीवर गोऱ्यांचा बँड, दुसरी कोरी. त्या कोऱ्या नळीवर माहेरपणाला आलेल्या माझ्या ताईनं कर्ण्यात तोंड घालून एक ओवी म्हटली आणि शेवटी हसत विचारलं, "झालं का, काका?" तेही नळीवर उमटलं. पुढच्याच वर्षी कल्याणला सासरी ती साथीच्या तापानं गेली. तिचे कपडेसुद्धा भीतीपोटी जाळून टाकले. आईजवळ उरली ती ही नळी. दर शुक्रवारी काका ओटीवर ती लावत आणि आई माजघराच्या दाराआड बसून ऐकायची. आवाज खरखरीतून यायचा, पण ताईचाच यायचा.

काकांना ताई ऐकू येत नसे, खरखर तेवढी ऐकू येई. अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले गृहस्थ! त्यांनी यंत्राच्या पेटीखाली कळव्याहून आणलेल्या तुसाची उशी घातली. कर्णा चिंचेनं घासला, मग रेशमी दोऱ्यानं आढ्याला टांगला. दर वेळी आळीतले चार रिकामटेकडे जमवून विचारायचं, "काय, फरक पडला की नाही?" आमच्या घरचे पोहे हादडल्यावर 'नाही' कोण म्हणणार? सगळे माना डोलवत. एकानं तर डोळे मिटून "वा!" म्हटलं, तेव्हा यंत्र सुरूसुद्धा झालं नव्हतं. मला त्या सगळ्यांची किळस येई.

वैशाखात आईनं अंगणात पापड घातले, तेव्हा काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. खरखर म्हणजे नळीतली ओल! डाळींना, शालूंना, पोथ्यांना आपण ऊन दाखवतो, मग नळीलाच का नको? आई देवळात गेल्याचं पाहून त्यांनी ताईची नळी तांब्याच्या ताटात घालून पापडांशेजारी ठेवली आणि स्वतः ओटीवर घोरत पडले.

आई परतली तोवर नळी एका अंगाला बसली होती. तिच्यावरच्या आवाजाच्या बारीक रेषा पुसून मेण गुळगुळीत झालं होतं.

काका डोळे चोळत आले. चुकलो म्हणायची दानत नव्हतीच. म्हणाले, "ताटाऐवजी सुपात ठेवायला हवी होती, वहिनी. खरखर गेलीच असती."

आई पापडांपाशी खाली बसली. "भावोजी," ती म्हणाली, "मला त्या खरखरीचा कधी त्रास झाला नव्हता."

पुढच्या शुक्रवारी काकांनी बँडची नळी लावली आणि आता आवाज किती स्वच्छ येतोय ते ओटीवरून ओरडून सांगितलं. आईनं माजघराचं दार लावून घेतलं.