पाय असलेली अक्षरं

मुळगावची ती विधवा आणि माझ्या टेबलावरचा तो पिवळट कागद, इतक्या वर्षांनीही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. गोवा मुक्त होऊन काही वर्षं झाली होती. मी डिचोलीला फौजदार होतो.

एका दलालाने तिच्या शेतावर हक्क सांगितला होता. पुरावा म्हणून पोर्तुगीज काळातलं, रोमन अक्षरांतलं छापील खरेदीपत्र, खाली तिच्या सासऱ्याची सही.

"माझ्या सासऱ्याक लिवक येय नव्हता, साहेब. सही खंयसून इली?" ती म्हणाली. पेरणी तोंडावर होती आणि दलालाने शेताला कुंपण घालायला माणसं आणली होती.

कागद जुना वाटत होता, छपाईही जुन्याच वळणाची. आठवडाभर काही हाती लागलं नाही. मग पेडण्याच्या बाजारातल्या एका कागद-शाईच्या दुकानदाराने खबर दिली: गावात एकही छापखाना चालू नसताना एका म्हाताऱ्याने छपाईची शाई नेली होती.

म्हातारा पोर्तुगीज अमलात छापखान्यात जुळारी होता, म्हणजे शिशाचे खिळे एकेक वेचून ओळी जुळवणारा. झडतीत त्याच्या माडीवर खिळ्यांची पेटी सापडली. ठाण्यात आणलं, तर तोंड उघडेना. पहिल्या दिवशी दरडावलं, दुसऱ्या दिवशी समजावलं. तो जमिनीकडे पाहत बसे.

तिसऱ्या दिवशी कंटाळून मी कागद टेबलावर टाकला. "कसली ही भिकार छपाई!"

त्याने मान वर केली. "भिकार? ह्या अक्षराचे पाय बघा, साहेब!" अक्षराच्या टोकांना असलेल्या बारीक आडव्या रेघांवर त्याने बोट ठेवलं. "एक रेघ जाड, एक बारीक. पायांमुळे अक्षरां ओळीत उभी रवतत, वाचणाऱ्याचो डोळो घसरणा नाय. सरकारी हुकूम, लग्नाची आमंत्रणां, मेल्याची खबर, सगळा ह्याच अक्षरांत मी जुळवलंय."

मग हळू आवाजात म्हणाला, "छापखानो बंद झालो. ही अक्षरां कोणाक नको झाली. रोज पेटी उघडून बघी होतंय. तो दलाल इलो, एक पान जुळवून दी म्हणालो."

"पानात काय आहे ते वाचलं नाहीत?"

त्याने कागदावरचं बोट काढून घेतलं.

"वाचलंय. वाचल्याशिवाय जुळवक येत नाय."

कोर्टात त्याने सगळं खरं सांगितलं, विधवेसमोर हात जोडून. दलालाला शिक्षा झाली, शेत तिच्याकडे राहिलं. म्हातारा माफीचा साक्षीदार म्हणून सुटला. खिळे सरकारी छापखान्याला देण्याचा हुकूम झाला.

ते न्यायला आम्ही पोतं काढलं, तर म्हातारा कळवळला. "पोत्यात पाय मोडतले, साहेब. माका लावक दिया."

दोन दिवस तो ठाण्याच्या व्हरांड्यात बसून प्रत्येक खिळा पुसून पेटीच्या ज्याच्या त्याच्या खणात ठेवत होता. खिळ्याकडे बघायचीही गरज नव्हती, बोटांना सगळं ठाऊक होतं. जीप पेटी घेऊन निघाली, तेव्हा ती वळणाआड जाईपर्यंत तो उभा राहिला. मग माझ्याशी न बोलता पेडण्याच्या बसकडे चालू लागला.

त्याचा गुन्हा मी कधी लहान मानला नाही. त्या बाईचं शेत गेलं असतं. पण इतक्या वर्षांत त्याचं कसब मागायला एकच माणूस त्याच्या दारी गेला, आणि तो लबाड होता. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्यासमोर आणलेल्या प्रत्येकाला मी आधी विचारी, "पूर्वी काम काय करायचात?" पुष्कळ जण त्या प्रश्नालाच पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघत.