पुढच्या डाव्या चाकातली दृष्ट

धाकट्या जावेच्या दारात पांढरी मोठी गाडी आली, त्या दिवशी मी सांगलीतच होते. हातात पेढा होता आणि तो गिळवत नव्हता. साठी नुकतीच ओलांडलेली बाई मी, म्हणजे आजच्या हिशेबानं तरुणच म्हणायची. पण त्या तरुण बाईचं तोंड त्या दिवशी इतकं कडू झालं होतं, की तिनं पेढा पदरात गुंडाळला आणि परसात जाऊन जावेच्याच कुत्र्याला घातला. कुत्र्यानं आवडीनं खाल्ला. त्याचं कुणाशी काही वाकडं नव्हतं.

गाडीला ओवाळायचा मान थोरली म्हणून मलाच. मी ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, तेही मुद्दाम जरा तिरकं. जावेला काही ते दिसलं नाही. तिला त्या दिवशी गाडीशिवाय काहीच दिसत नव्हतं.

माझं जळणं साधंसुधं नव्हतं, त्याला कारण होतं. चारचाकी आमच्या घरात आधी आली होती. आमचे हे सातारा-फलटण वडापची जीप चालवायचे. आत कोंबून, मागं लोंबकळून माणसं भरायची आणि फलटणच्या बाजाराला न्यायची. त्या जीपला डिझेलचा, शेरडांचा आणि ओल्या घोंगड्यांचा वास यायचा. पुढच्या सीटवर मला कधी बसायला मिळालं नाही, कारण पुढची सीट गिऱ्हाइकाची. आणि ही माझी धाकटी जाऊ, लग्न होऊन आली तेव्हा सायकलला भ्यायची, ती आता पुढच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसणार, पाठीमागं सीटचं प्लॅस्टिकचं कव्हर न काढलेलं.

त्या वेळी परतताना पुतण्या, म्हणजे जावेचा मुलगा, मला साताऱ्याला सोडायला निघाला होता. मी म्हटलं, मला बंद गाडीत मळमळतं, मी आपली एसटीनं जाते. आणि गेले. कराडच्या पुढं एसटीतच उलटी झाली. शेजारच्या बाईनं लिंबू दिलं. माझ्या नशिबात त्या दिवशी लिंबंच होती.

पुढं मळमळ गेली, पण खोड गेली नाही. गाडीत बसायचं आणि काहीतरी काढायचं. कधी दार नीट लागत नाही, कधी एसीचा वास येतो, कधी रंग एका बाजूनं फिका दिसतो. एकदा मी सीटखालून टकटक आवाज येतो म्हणून इतका धोशा लावला, की पुतण्यानं गाडी सांगलीच्या वर्कशॉपात नेली. त्यांनी दिवसभर खालून वरून सगळं तपासलं. संध्याकाळी एका माणसानं सीटखालून माझा अडकित्ता काढून पुतण्याच्या हातात दिला. जावेनं तो मला परत करताना धुऊन, पुसून, रुमालात बांधून दिला. त्या रुमालाचा अपमान मला अजून आठवतो.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की पुढं जेव्हा मी खरं बोलले, तेव्हा ते ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

गाडी जुनी झाली. पुतण्याची मुलगी पाचगणीच्या बोर्डिंगात शिकायला गेली. आमच्या घरात बोर्डिंगात गेलेलं कुणी नव्हतं, त्यामुळं मला जळायला आणखी एक विषय मिळाला. सुट्टी लागली की जाऊ आणि पुतण्या सांगलीहून निघायचे, रात्री माझ्याकडं साताऱ्यात मुक्काम करायचे आणि सकाळी वाईवरून पसरणीचा घाट चढून पोरीला आणायला जायचे. गाडी माझ्या दारात उभी राहायची. गल्लीतल्या बायका मला विचारायच्या, ‘पाव्हणे आले वाटतं,’ आणि बघायच्या गाडीकडं.

त्या उन्हाळ्यात ती दोघं अशीच आली. संध्याकाळी जावेला राजवाड्याजवळून कंदी पेढे घ्यायचे होते, म्हणून मलाही बरोबर घेतलं. मी मागं बसले. पहिल्याच गतिरोधकाला पुढून डाव्या बाजूनं ‘खड्-टक’ असं आलं. दुसऱ्या गतिरोधकाला परत. पोवई नाक्यावर पुतण्यानं ब्रेक दाबला, तर गाडी डावीकडं ओढली गेली आणि त्यानं स्टेअरिंग सरळ केलं, सवयीनं, बोलणं न थांबवता.

हा आवाज मला माहीत होता. आमच्या जीपला तो यायला लागला होता, तेव्हा हे रोज जेवताना म्हणायचे, बघू उद्या. आणि एका दुपारी फलटणच्या अलीकडं, उसाच्या ट्रॉलीला वाट देताना, पुढचं चाक आडवं झालं. तुटून पडलं नाही, आडवं झालं, नुकत्याच जन्मलेल्या वासराचा पाय जसा बाहेरच्या बाजूला फताडा पडतो तसं. गाडी अगदी हळू होती आणि रस्ता सपाट होता, म्हणून सगळे बांधावर उतरून नुसते हसले. मी तेव्हा त्यांना डबा द्यायला म्हणून त्याच जीपमध्ये होते, मागच्या फळीवर. घाटात असतो तर कोण हसलं असतं, हा विचार मला अनेक वर्षं येत राहिला.

तर मी पुतण्याला सांगितलं, की पुढचं डावं चाक बरं नाही, उद्या घाटात जाऊ नका, आधी दाखवा कुणाला तरी. तो सभ्यपणे म्हणाला, मोठ्या आई, गाडी जुनी झाली की वाजतेच, आणि चाकांची अलाइनमेंट आत्ताच करून घेतलीय. मग त्यानं गाण्यांचा आवाज वाढवला. जाऊ मागं न वळता म्हणाली,

“अक्का, तुमाला ही गाडी पहिल्यापासनंच खुपतीया.”

खोटं होतं का? नव्हतं. तीच तर पंचाईत होती. मलाच कळेना, मला आवाज ऐकू येतोय का माझं पोट बोलतंय.

घरी आल्यावर जावेनं माझ्याकडं मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मागितल्या. मी म्हटलं कशाला, तर गाडीची दृष्ट काढायचीय. माझ्याच घरी, माझ्याच मिरच्यांनी, माझीच दृष्ट. मी आत गेले. चांगल्या मिरच्यांच्या बरणीला हात लावायची माझी छाती झाली नाही. मागच्या वर्षीच्या, सादळून पोकळ झालेल्या मिरच्या एका पुडीत पडून होत्या, त्या दिल्या. गाडीवर असली मिरची वाया घालवायला मी काही खुळी नव्हते.

जावेनं दिवेलागणीला मूठ गाडीवरून उतरवली. आल्यागेल्याची, दारातल्याची, घरातल्याची, असं पुटपुटताना ‘घरातल्याची’ जरा मोठ्यानं म्हणाली. मग सगळं तापल्या तव्यावर टाकलं. मिरच्या काळ्या पडल्या, पण ठसका काही लागला नाही. लागणार कसा, त्यांच्यात होतं काय? पण ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट फार कडक होती, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. जाऊ माझ्याकडं बघत राहिली. पुतण्याही बघत राहिला, तो एवढा शिकलेला असून. मी जेवायला वाढलं.

खरी भीती मला त्यानंतर वाटली. कारण जाऊ आता निर्धास्त झाली होती. दृष्ट होती, ती काढली, संपलं. तिच्या लेखी गाडी आता घाट चढायला आणि पोरीला घेऊन उतरायला नव्यासारखी झाली होती. उतरताना ब्रेक सतत लागणार, वळणावर सगळा भार पुढच्या चाकांवर येणार, आणि मागच्या सीटवर सुट्टीच्या आनंदात बडबडणारी ती पोर.

सकाळी मी रांगोळीचं निमित्त करून चाकाजवळ बसले. टायर बाहेरून बरा दिसत होता. आतल्या कडेनं पार गुळगुळीत, एखाद्यानं कातरून घेतल्यासारखा. चाक वरून किंचित आत झुकलेलं. मी पुतण्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, आल्यावर टायर बदलू. त्याला पोरीच्या शाळेत वेळेवर पोचायचं होतं.

जाऊ पुढं बसून, पट्टा लावून, पर्स मांडीवर घेऊन तयार होती. मी तिच्या बाजूच्या काचेशी जाऊन उभी राहिले. एखाद्या मिस्त्रीचं बोलणंही तिला पटलं नसतं, माझं चाकाचं ज्ञान तर नाहीच. तिचा विश्वास होता तो फक्त माझ्या डोळ्यांवर, आणि तोही त्यांच्या वाईटपणावर.

“उतर गं खाली,” मी म्हटलं. “दृष्ट गेलेली न्हाई.”

“काल काढली की. तुमच्या देखत.”

“आल्यागेल्याची गेली आसंल. ही माझी हाय. ती तुझ्या हातानं जायची न्हाई.”

जाऊ काच पूर्ण खाली करून माझ्याकडं बघायला लागली. माझ्या पाठीमागं तिनं हे कितीतरी वेळा म्हटलं असणार. पण माणूस स्वतःच्या तोंडानं कबूल करतं तेव्हा ऐकणाऱ्याला घाम फुटतो. मग मी थांबले नाही. कुत्र्याला घातलेला पेढा सांगितला. तिरकं स्वस्तिक सांगितलं. एसटीतली उलटी सांगितली. बोर्डिंगच्या गणवेशातला पोरीचा फोटो मी कपाटाच्या आतल्या बाजूला का लावलाय, तेही सांगितलं. शेजारीण नळाखाली घागर लावून उभी होती, ती घागर भरून वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही. माझी लाज तिथंच वाहून गेली म्हणायची. पण एक कबूल करते, बोलताना मला बरं वाटत होतं. इतकी वर्षं साठवलेलं एकदाचं कुणीतरी डोळे विस्फारून ऐकत होतं.

“आणि ती दृष्ट डाव्या बाजूच्या पुढच्या चाकात बसलीया,” मी शेवटी म्हटलं. “चाक उतरवून आत बघितल्याबिगर निघायची न्हाई.”

पुतण्या हसला. जाऊ हसली नाही. तिनं पट्टा सोडला.

“चाक उतरव,” ती त्याला म्हणाली.

तो आई, आई करत राहिला. ती म्हणाली, पोरीला धडधाकट आणायचंय का नुसतं वेळेवर? मग त्यानं गाडी चालू केली.

हायवेच्या कडेला एक गॅरेज होतं, तिथवर आम्ही रांगत गेलो. मिस्त्रीनं जॅक लावून चाक अधांतरी उचललं आणि वरून-खालून धरून हलवलं. ते चाक दुधाच्या दातासारखं हललं. चाक काढल्यावर त्यानं आत बोट दाखवलं. खालच्या दांड्याला, त्याच्या भाषेत आर्मला, चाक जिथं जोडलेलं असतं, तो बॉलजॉइंट. त्यावरचं रबर फाटलेलं, आतलं ग्रीस वाळून त्यात माती गेलेली, गोळा त्याच्या वाटीत खुळखुळत होता. तो निसटला की चाक आडवं होतं आणि मग स्टेअरिंग फिरवून उपयोग नसतो, एवढंच तो बोलला. गाडी कुठं निघाली होती, ते त्यानं विचारलं. पाचगणीला, असं सांगून पुतण्या तिथंच एका टायरवर बसला.

जाऊ त्या गंजलेल्या गोळ्याकडं बघत होती. मग माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कसली तरी भक्ती होती, देवीच्या देवळात उग्र मूर्तीपुढं असते तशी.

“अक्का,” ती हळूच म्हणाली, “एवढं हुतं मनात?”

काय सांगणार? लोखंड मी झिजवलं नाही, रस्त्यानं झिजवलं, हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग एवढं बसवून लगेच निघूया. दुसऱ्या बाजूचंही काढून बघायचं होतं अजून.

“उजवीकडं बी हाय थोडं,” मी म्हटलं.

उजवीकडचाही जॉइंट बदलला, आर्मचे रबरी बुश बदलले, टायर बदलले. पोरीला आणायला आम्ही दोघी जावा एसटीनं गेलो. पसरणीच्या प्रत्येक वळणाला जावेनं माझं मनगट आवळलं आणि खाली दरीत बघितलं. वर पोचल्यावर तिनं मला हातगाडीवरच्या स्ट्रॉबेरी घेऊन दिल्या. पिशवी माझ्याच हातात दिली, पोरीच्या नाही.

सांगलीत ही गोष्ट कशी पसरली असेल, तुम्ही ओळखलंच असेल. माझ्या नजरेनं लोखंड तुटतं. तिकडच्या लग्नात मी गेले की बायका नव्या पाटल्या पदराआड घेतात. नवीन घराची वास्तुशांत असली की मला आमंत्रण येतं, पण मी गच्ची बघायला वर गेले की कुणीतरी मागोमाग येतं. आणि कौतुक कुणाचं होतं? गाडीचं. इतकी कडक दृष्ट लागली तरी टिकली, म्हणते जाऊ. पोरीला मी घाटातून वाचवलं, असं कुणी म्हणत नाही. याचंही मला आतून जळतं, खोटं कशाला बोलू.

गाडी अजून आहे. आता मी ऐंशीला टेकले, साताऱ्यातून फारशी हलत नाही. पण कुठं लांब निघायचं असलं की जावेचा व्हिडिओ कॉल येतो. पुतण्या गाडी अंगणात पुढंमागं करतो, एका विटेवरून चाक चढवून उतरवतो, आणि जाऊ फोन चाकाजवळ धरून वाकून उभी राहते. मी कान देऊन ऐकते. खडखड असली तर मी सांगते, आणि ते आता मुकाट्यानं गॅरेजात जातात.

पण बहुतेक वेळा काही नसतं. इंजिन कसं लोण्यासारखं चालतं, चाक विटेवरून असं अलगद उतरतं, आणि इतकी जुनी गाडी अजून अशी कशी, या विचारानं माझं तोंड माझ्याही नकळत पडतं. जाऊ फोन सरळ करून माझ्या तोंडाकडं नीट निरखून बघते, आणि मागं वळून पुतण्याला सांगते,

“गाडी एकदम बरी हाय. चला, निघूया.”